आश्रयाच्या शोधात : नागपूरकर आप्पासाहेब भोसले

खंडव्याहून बऱ्हाणपूरकडे जाणारी आगगाडी सातपुड्याच्या रांगा ओलांडू लागली की नेपानगरचे स्थानक लागते. वृत्तपत्रांच्या कागदाची गिरणी येथे उभी राहिली आणि तिच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरूनच या गावाला नेपानगर हे नाव मिळाले. सलई आणि बांबू यांपासून बनविलेला कागद १९५५ मध्ये या गिरणीतून बाहेर पडू लागला. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे रीतसर उद्घाटन झाले. पुढे पाव शतकाहून अधिक काळ वृत्तपत्री कागद तयार करणारी देशातील ही एकमेव गिरणी होती. मराठी वाचकाचे या गावाशी असलेले नाते असे कागदाचे आहे. परंतु त्याहून जुने असे आणखी एक नाते आहे, आणि ते जोडले गेले आहे नेपानगरच्या पश्चिमेस काही कोसांवर उभ्या असलेल्या अशीरगडामुळे. १८१९ च्या आरंभी, गादीवरून दूर झालेला नागपूरचा एक भोसले राजा याच डोंगररांगांतून आश्रय शोधीत अशीरगडाच्या दारी आला होता.

मुधोजी भोसले ऊर्फ आप्पासाहेब हे त्या राजाचे नाव. सीताबर्डीच्या लढाईमुळे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र त्या लढाईनंतर आप्पासाहेब आणखी बावीस वर्षांहून अधिक काळ जगले आणि त्यांतील बहुतेक वर्षे त्यांनी परक्यांच्या दारी काढली, हा भाग इतिहासाच्या पुस्तकांतून दोन ओळींत आटोपला जातो. वास्तविक आश्रय मागणे म्हणजे काय, तो देणाऱ्याच्या अंगी काय असावे लागते आणि तो कशामुळे मोडतो, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धाइतके बोलके उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

राज्य आणि त्याचा ऱ्हास

आप्पासाहेबांचा जन्म १७९६ च्या सुमारासचा. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांचे धाकटे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू हे त्यांचे वडील. १८०३ मध्ये आडगावच्या रणांगणावर इंग्रजांविरुद्ध नागपूरच्या फौजेचे नेतृत्व याच व्यंकोजींनी केले होते. त्या युद्धात नागपूरकरांनी कटक आणि वऱ्हाडाचा मोठा मुलूख गमावला. पुढील तेरा वर्षे रघुजींनी इंग्रजांची तैनाती फौज मात्र आपल्या राज्यात येऊ दिली नाही.

२२ मार्च १८१६ रोजी रघुजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र परसोजी हे शरीराने विकल आणि बुद्धीने दुबळे असल्याने राज्याचा कारभार कोणी पाहावा यावरून राजवाड्यात दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या पाठीशी रघुजींच्या राणी बाकाबाई होत्या, तर दुसऱ्या पक्षाचे पुढारी आप्पासाहेब होते. हा घरातला तंटा जिंकण्यासाठी आप्पासाहेबांनी इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांचे साहाय्य घेतले आणि मे १८१६ मध्ये, चुलत्यांनी आयुष्यभर टाळलेला तैनाती फौजेचा तह करून टाकला. वीस वर्षांच्या या तरुणाला त्या वेळी आपण काय गहाण ठेवीत आहोत याची पूर्ण कल्पना होती की नव्हती, हा प्रश्न उरतोच.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी सकाळी परसोजी आपल्या शय्येवर मृतावस्थेत आढळले. आप्पासाहेब त्या वेळी नागपुरात नव्हते, चांद्याकडे गेले होते. गादी त्यांच्याकडे आली आणि रेसिडेंटनेही तिला मान्यता दिली. परसोजींचा गळा दाबून खून झाला आणि तो आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून झाला, असा आरोप इंग्रजांनी पुढे ठेवला, पण तो आप्पासाहेबांशी बिनसल्यानंतर. हा आरोप त्यांच्या चरित्रावर कायमचा डाग म्हणून राहिला. कोणत्याही न्यायासनासमोर त्याची चौकशी मात्र झाली नाही. राजकीय शत्रुत्व आणि गुन्ह्याचा आरोप यांची अशी गाठ पडली की आश्रिताचा प्रश्न किती अवघड होतो, हे पुढे ध्यानात येईल.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी युद्ध पुकारले. त्याच महिन्यात आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा या पदाची वस्त्रे दरबार भरवून स्वीकारली. रेसिडेंटने ती उघड वैराची खूण मानली. २६ आणि २७ नोव्हेंबर रोजी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई झाली. इंग्रजांची फौज चौदाशेच्या आसपास होती आणि नागपूरकरांची तिच्या कितीतरी पट. तरीही जय इंग्रजांना मिळाला. १६ डिसेंबर रोजी आप्पासाहेब रेसिडेन्सीत येऊन स्वाधीन झाले. शहरात ठाण मांडून बसलेल्या अरब शिपायांनी महिनाअखेरपर्यंत झुंज दिली, पण राजा आधीच शत्रूच्या हाती होता.

जानेवारी १८१८ मध्ये मोठा मुलूख आणि किल्ले लिहून घेऊन त्यांना पुन्हा नावाच्या गादीवर बसविण्यात आले. परंतु ते गुप्तपणे पेशव्यांशी संधान बांधीत आहेत आणि किल्लेदारांना किल्ले न सोडण्याविषयी कळवीत आहेत, असा संशय जेंकिन्सला आला. १५ मार्च रोजी त्यांना कैद करण्यात आले. प्रयागच्या किल्ल्यात त्यांनी उरलेले आयुष्य काढावे असे ठरले. नागपुरात रघुजींच्या मुलीच्या मुलाला तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसविण्यात आले आणि बाकाबाई त्यांच्या पालक झाल्या.

गोंडांच्या डोंगरात

प्रयागकडे नेत असताना १३ मे १८१८ च्या रात्री जबलपूरच्या अलीकडे रायचूर नावाच्या मुक्कामावर आप्पासाहेब निसटले. पहाऱ्यावरील काही शिपाई त्यांना सामील झाले होते. शिपायाचा वेश करून ते तंबूबाहेर पडले. बिछान्यावर उशी ठेवून सेवक तिलाच पाय चेपल्यासारखे करीत राहिले, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला राजा निजलेला आहे असेच वाटले. पळून गेल्याचे उघड झाले तोवर ते दक्षिणेकडील डोंगरांच्या वाटेला लागले होते.

महादेवाच्या डोंगरात, म्हणजे आजच्या पचमढीच्या परिसरात, चैनशहा या गोंड जमीनदाराने त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. आप्पासाहेबांना पकडून देणाऱ्यास इंग्रजांनी मोठे बक्षीस जाहीर केले होते. एखाद्या गरीब डोंगरी गावाला ते कित्येक पिढ्या पुरले असते. पावसाळा गेला, हिवाळा आला, परंतु या डोंगरांतून ते बक्षीस मागायला कोणी पुढे आले नाही. उलट गोंड आणि अरब यांच्या टोळ्या त्यांच्या नावाने उठल्या. जुलै १८१८ मध्ये बैतूल व मुलताईच्या मुलखात कॅप्टन स्पार्क्स याची तुकडी या उठावात जवळजवळ पूर्णतः मारली गेली. त्याची जबर किंमत डोंगरातील वस्त्यांना मोजावी लागली. पाऊस संपताच इंग्रजांच्या पलटणी चहूकडून आत शिरल्या आणि एकामागून एक ठाणी घेत गेल्या.

येथे आश्रयाचे पहिले रूप दिसते. ज्यांच्याजवळ तोफा नाहीत, कोट नाही, ज्यांच्याशी कोणी तह करीत नाही, अशा माणसांनी केवळ निष्ठा आणि रानाची माहिती यांच्या बळावर राजाला नऊ महिन्यांच्या आसपास सांभाळले. त्यांना तोडले ते फितुरीने नव्हे, तर मोठ्या फौजेने.

अशीरगडाचे दार

फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेबांनी महादेवाचे डोंगर सोडले. त्यांच्यासोबत चितू हा प्रसिद्ध पेंढारी होता. पाठलाग चालू असतानाच ही मंडळी पश्चिमेकडे अशीरगडाच्या रोखाने निघाली. आप्पासाहेब गडावर पोहोचले. चितूला तेथे थारा मिळाला नाही. तो एकटाच जंगलात भटकत राहिला आणि वाघाने त्याला ठार केले. त्याचे अवशेष पुढे याच परिसरात सापडले.

अशीरगड म्हणजे दख्खनचे दार. नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधून उत्तरेस किंवा दक्षिणेस जाणारा कोणीही या गडाच्या नजरेखालून जाई. १६०१ मध्ये अकबराने दीर्घ वेढ्यानंतर तो घेतला आणि फारुकी घराण्याचे राज्य संपविले. पुढे तो मराठ्यांकडे आला आणि शिंद्यांच्या ताब्यात राहिला. या गडाच्या पोटात आश्रयाचीच एक जुनी कथा दडलेली आहे. फिरिश्ता या इतिहासकाराने सांगितल्याप्रमाणे आसा नावाचा एक धनाढ्य अहीर गडाचा स्वामी होता आणि दुष्काळात लोकांना धान्य वाटण्याबद्दल त्याची ख्याती होती. फारुकी घराण्यातील नसीरखानाने त्याच्याकडे, शत्रूचे भय असल्याने आपल्या बायकामुलांना गडावर आश्रय द्यावा, अशी विनंती केली. आसाने दार उघडले. आलेल्या डोल्यांमधून स्त्रियांऐवजी सशस्त्र शिपाई उतरले आणि त्यांनी आसाला त्याच्या मुलांसह मारून गड घेतला. कथेत किती इतिहास आणि किती कल्पना हे सोडून दिले, तरी तिच्यातील भीती आजही ओळखीची आहे. आश्रयाच्या नावाने कपट होते तेव्हा त्याची किंमत पुढच्या खऱ्या शरणागताला मोजावी लागते.

१८१९ मध्ये गडाचा किल्लेदार यशवंतराव लाड होता. त्याचे धनी दौलतराव शिंदे यांनी नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांशी तह करून काही काळापुरता हा गड त्यांच्या हवाली करण्याचे मान्य केले होते. किल्लेदार मात्र निरनिराळ्या सबबी सांगून गड सोडीत नव्हता, आणि आता तर इंग्रजांचा सर्वांत मोठा फरारी त्याच्याकडे आल्याचे सांगितले जात होते. जनरल डव्हटन आणि सर जॉन माल्कम यांच्या फौजांनी १८ मार्च रोजी गडाखालची पेठ घेतली. तीन आठवडे तोफा चालल्या. वर बाराशेच्या आसपास माणसे होती आणि दारूगोळा सरत आला होता. ९ एप्रिल १८१९ रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. गडाचा कोपरा न् कोपरा धुंडाळण्यात आला, पण आप्पासाहेब सापडले नाहीत. ते त्याआधीच गोसाव्याच्या वेशात निघून गेले होते.

गडात इंग्रजांना एक पत्र मात्र मिळाले. पेशवे जो हुकूम करतील तो मानावा, असे दौलतरावांनी किल्लेदाराला गुप्तपणे कळविले होते. त्या पत्राचा आधार घेऊन इंग्रजांनी हा गड शिंद्यांना परत केला नाही. अशीरगडाचा आश्रय दगडी तटाइतकाच भक्कम दिसत होता, परंतु तो देणाऱ्याचे हात बांधलेले होते. किल्लेदार आपल्या धन्याच्या दुहेरी धोरणावर उभा होता आणि धनी उघडपणे आश्रिताचे नाव घेण्याच्या स्थितीत नव्हता.

पंजाबातील दारे

वेश पालटून, तीर्थयात्रेच्या वाटांनी आप्पासाहेब उत्तरेकडे गेले आणि १८२० मध्ये अमृतसरला पोहोचले. महाराजा रणजितसिंह हे त्या वेळी हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य स्वतंत्र राजे होते. आप्पासाहेबांजवळ बऱ्यापैकी द्रव्य होते असे दिसते. त्यांनी महाराजांना आपल्या बाजूस वळविण्याचा प्रयत्न केला. परंतु रणजितसिंहांनी १८०९ मध्ये इंग्रजांशी अमृतसरचा तह केलेला होता आणि सतलजच्या सीमेवर त्यांना तंटा नको होता. त्यांनी आप्पासाहेबांना आपले राज्य सोडून जाण्यास सांगितले. त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली मात्र केले नाही. आश्रय नाकारणे आणि शरण आलेल्याला शत्रूच्या हाती देणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

त्याच काळातील दुसरे उदाहरण ताडून पाहण्यासारखे आहे. अफगाणिस्तानचा पदच्युत शहा शुजा काही वर्षांपूर्वी लाहोरला आश्रयास आला होता आणि १८१३ मध्ये रणजितसिंहांनी त्याच्याकडून कोहिनूर हिरा घेतला होता. पुढे शुजा निसटून इंग्रजांच्या मुलखात लुधियान्याला गेला. तेथे कंपनीने त्याला नेमणूक बांधून दिली, आणि १८३९ मध्ये आपल्या सोयीने त्यालाच काबूलच्या गादीवर नेऊन बसविले. म्हणजे आप्पासाहेबांना आश्रय देऊ नये म्हणून इतरांवर दडपण आणणारे कंपनी सरकार स्वतः दुसऱ्याच्या शत्रूला पोसत होते. आश्रय हे त्या काळी राजकारणाच्या पटावरील एक सोंगटे होते. त्याची मागणी न्यायाच्या तराजूत नव्हे, तर उपयोगाच्या तराजूत तोलली जात असे.

पंजाबातून आप्पासाहेब कटोच घराण्याच्या राजा संसारचंद यांच्या डोंगरी राज्यात गेले. तेथे काही काळ त्यांना थारा मिळाला. परंतु तेथे असतानाच ते एका अजब मसलतीत गुंतले. शहा शुजाचा भाऊ शहा जमान याचा पुत्र हैदर याने दिल्लीपासून कन्याकुमारीपर्यंतचा बादशहा व्हावे आणि आप्पासाहेबांनी त्याचा वजीर होऊन दक्षिणेचा कारभार पाहावा, असा तो बेत होता. फौज नाही, मुलूख नाही, आणि वाटणी मात्र सबंध हिंदुस्थानाची. संसारचंदांना ही बातमी कळताच ते धास्तावले. स्वतःचा कांगड्याचा किल्ला आधीच गमावून बसलेल्या या राजाला पाहुण्याच्या कारस्थानापायी उरलेले राज्य धोक्यात घालणे परवडणारे नव्हते. त्यांनी आप्पासाहेबांना निघून जाण्यास सांगितले.

हा दोष आप्पासाहेबांच्या पदरी घालावाच लागतो. ज्याच्या अंगणात आपण सुरक्षित आहोत त्याच्या अंगणातून दुसऱ्यावर बाण सोडायचा नाही, ही आश्रिताची मर्यादा त्यांनी पाळली नाही. १८२२ मध्ये ते मंडी या राज्यात गेले. १८२८ च्या सुमारास पुन्हा अमृतसरकडे आले आणि पुढील वर्षी त्यांनी पंजाब कायमचा सोडला. नागपूर सुटून अकरा वर्षे झाली होती. एकेकाळी सेनासाहेबसुभा म्हणून दरबार भरविणारा हा राजा आता तिशी ओलांडून गेला होता.

जोधपूर

१८२९ मध्ये आप्पासाहेब मारवाडात आले. जोधपूरला महाराजा मानसिंह राज्य करीत होते. मानसिंह हे विक्षिप्त, संशयी आणि आपल्या सरदारांशी सदैव भांडणारे राजे म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु आश्रयहीनतेचा अनुभव त्यांच्याही गाठी होता. राज्य मिळण्यापूर्वी चुलतभाऊ भीमसिंह यांच्या फौजेच्या वेढ्यात ते जालोरच्या किल्ल्यात वर्षानुवर्षे अडकून पडले होते. किल्ला सोडण्याची वेळ आली असताना नाथपंथी गुरू आयस देवनाथ यांनी त्यांना धीर दिला. १८०३ मध्ये भीमसिंह वारले आणि मानसिंह गादीवर आले. त्या गुरूंसाठी त्यांनी जोधपूरच्या तटाबाहेर महामंदिर उभारले. याच महामंदिरात आप्पासाहेबांना जागा मिळाली.

राजपुतान्यात शरण आलेल्यास अभय देण्याची रीत फार जुनी. तिला सरणा म्हणत. काही देवस्थानांना आणि काही सरदारांच्या घराण्यांना हा अधिकार परंपरेने असे, आणि तो मोडणे म्हणजे घराण्याचा अपमान मानला जाई. तथापि मानसिंह आता पूर्वीसारखे मोकळे राजे नव्हते. ६ जानेवारी १८१८ रोजी, म्हणजे आप्पासाहेबांकडून नागपुरात तहाच्या अटी लिहून घेतल्या जात होत्या त्याच सुमारास, जोधपूरचा इंग्रजांशी तह झाला होता. त्याअन्वये इंग्रजांच्या अनुमतीवाचून इतर सत्तांशी व्यवहार करण्यास त्यांना मनाई होती. आप्पासाहेब जोधपुरात आहेत हे कळताच कंपनी सरकारने त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली.

मानसिंहांनी ती नाकारली. शरण आलेल्यास परत देणे हा आपल्या कुळाच्या रीतीचा भंग होईल, असे त्यांचे म्हणणे होते. तह मोडण्याची भाषा त्यांनी केली नाही, पण पाहुणाही दिला नाही. अखेर इंग्रजांनी मागणी सोडून दिली. आप्पासाहेबांच्या वर्तनाची हमी महाराजांनी घ्यावी आणि त्यांनी तेथून कोणतीही खटपट करू नये, एवढ्यावर प्रकरण मिटले. अकरा वर्षे चाललेला पाठलाग एका मांडलिक राजाच्या नकाराने थांबला. ज्यांना फौजेच्या बळावर आश्रित राखता आला नाही त्यांच्यापेक्षा ज्याने जबाबदारी स्वीकारून नकार दिला तो अधिक समर्थ ठरला.

या घटनेच्या मागे एक जुना विरोधाभास आहे. १७९७ मध्ये पुण्यात शिंद्यांच्या फौजेने मल्हारराव होळकरांना ठार केले, तेव्हा त्यांचे बंधू यशवंतराव जीव वाचवून नागपुरास आश्रयास आले होते. आप्पासाहेबांचे चुलते रघुजी यांनी शिंद्यांच्या भिडेखातर त्यांना कैदेत टाकले. यशवंतराव पुढे तेथूनही निसटले आणि मराठेशाहीतील एक मोठे सेनापती झाले. ज्या घराण्याने आश्रयास आलेल्याला कोठडी दाखविली, त्याच घराण्याच्या पुढील राजाला तीस वर्षांनी परक्या दारी आश्रय मागावा लागला.

जोधपुरात आप्पासाहेब अकरा वर्षे राहिले. या काळात त्यांच्या हातून पुन्हा कोणता उठाव झाला नाही. १८४० मध्ये, पंचेचाळिशीच्या आत, तेथेच त्यांचा अंत झाला. मानसिंह १८४३ मध्ये वारले.

मागण्याचा हक्क आणि देण्याचा धर्म

आप्पासाहेबांच्या काळी आश्रय हा देणाऱ्याचा अधिकार होता. मागणाऱ्याला केवळ याचना करता येत असे. शिबी राजाच्या कथेपासून आपल्या परंपरेने या दातृत्वाचा गौरव केला आहे, पण तीत कपोताला हक्क असा नव्हता. सारे राजाच्या थोरवीवर अवलंबून होते. हा दृष्टिकोन बदलण्यास दोन महायुद्धांचा संहार घडावा लागला. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या चौदाव्या कलमात छळापासून सुटण्यासाठी दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा आणि मिळालेला आश्रय उपभोगण्याचा हक्क प्रत्येक माणसाला असल्याचे मान्य करण्यात आले. आश्रय दिलाच पाहिजे असे बंधन मात्र त्या कलमाने कोणत्याही राष्ट्रावर घातले नाही. राजकीय स्वरूपाच्या नसलेल्या खऱ्याखुऱ्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून पळणाऱ्याला हा हक्क सांगता येत नाही, असेही त्यात नमूद आहे.

परसोजींच्या मृत्यूचा आरोप येथे आठवतो. आप्पासाहेब हे राज्य हिरावले गेलेले राजे होते की खुनाच्या आरोपातून पळालेले गुन्हेगार, याचा निवाडा इंग्रजांनी स्वतःच केला, आणि ते स्वतःच फिर्यादी होते. आजच्या व्यवस्थेत हा निवाडा पाठलाग करणाऱ्याने नव्हे, तर ज्याच्या दारी माणूस आला त्याने, त्याचे म्हणणे ऐकून घेऊन करावा अशी अपेक्षा असते. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात आणि १९६७ च्या पूरक मसुद्यात याहून महत्त्वाचे एक बंधन आहे. जेथे जीवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे निर्वासिताला परत ढकलू नये, हे ते बंधन. रणजितसिंहांनी आप्पासाहेबांना ठेवून घेतले नाही, परंतु शत्रूच्या हातीही दिले नाही. ही किमान मर्यादा त्यांनी कायद्यावाचून पाळली होती.

भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तरीही १९५९ मध्ये दलाई लामा आणि त्यांच्यामागून आलेले तिबेटी येथे राहिले. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांना या देशाने काही महिने पोसले. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, जीविताचे संरक्षण देणारे राज्यघटनेचे एकविसावे कलम नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे, असा निर्णय दिला. यांतील पुष्कळसे मानसिंहांच्या रीतीने, म्हणजे लिखित करारावाचून, घडले आहे. त्या रीतीचे मोठेपण मान्य करूनही तिची उणीव विसरता येत नाही. मानसिंहांच्या जागी दुसरा राजा असता तर आप्पासाहेबांचे काय झाले असते, याचे उत्तर कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

तिसरे रघुजी १८५३ मध्ये औरस पुत्रावाचून वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. ज्या गादीसाठी आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरांपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत फिरले, ती त्यांच्या पाठोपाठ चौदा वर्षांत नाहीशी झाली. अशीरगडाचा इंग्रजांनी पुढे तुरुंग केला. संबळपूरचे वीर सुरेंद्र साय यांनी तेथेच कैदेत १८८४ मध्ये देह ठेवला. एका राजाने ज्या तटांच्या आत आसरा शोधला, त्याच तटांच्या आत दुसऱ्या एका झुंजाराला मरेपर्यंत कोंडून ठेवण्यात आले. नेपानगरजवळच्या या गडावर आजही वाट जाते. दुष्काळात धान्य वाटणाऱ्या आसा अहिराचे नाव त्याला लागलेले आहे, त्याच्या दारातून डोल्या आत नेणाऱ्याचे नाही.